पंचविसावा गुरू? लाल अंगरखा आणि सात ठिपके

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७ ते ९ (अवधूत आणि यदुराजाचा संवाद)
सोबत वाचा: भगवद्गीता २.५८, ३.३५ आणि ५.१८



आजचं चिंतन मसुराच्या दाण्याएवढ्या एका जीवावर आहे. लाल पाठ, त्यावर काळे ठिपके, पाय असून नसल्यासारखे. लेडीबर्ड. आपल्याकडे शेतीच्या पुस्तकांत त्याला ढालकिडा म्हणतात. मुलांच्या स्टिकरवर, कंपासपेटीवर, रेनकोटवर तो असतोच. पण भागवत उघडून बसलेल्या माणसाने त्याच्याकडे का बघावं? थोडा धीर धरा, तिथेच येतोय.

आधी आजची गोष्ट थोडक्यात. यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. अंगात ताकद आहे, बुद्धी आहे, बोलणं गोड आहे, आणि तरीही हा माणूस काहीच मिळवायच्या मागे नाही. लहान मुलासारखा मजेत फिरतोय. राजा विचारतो, सगळं जग काम आणि लोभाच्या वणव्यात होरपळतंय, तुम्हाला त्याची झळ कशी लागत नाही? हा आनंद येतो कुठून? अवधूत म्हणतो, माझे पुष्कळ गुरू आहेत, आणि ते मी माझ्या बुद्धीने पत्करले आहेत. मग तो २४ नावं सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य इथून सुरुवात होते आणि यादी कबूतर, अजगर, मधमाशी, पतंग, कोळी यांच्यापर्यंत येते. ही सगळी कथा श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात. आपल्या नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. तेच आपलं एकनाथी भागवत.

यातला "माझ्या बुद्धीने" हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पतंगाने अवधूताला बोलावून उपदेश दिला नव्हता. पतंग आपला दिव्यावर झेपावत होता. शिकण्याचं काम अवधूताने केलं. म्हणून आज आपण यादीत भर घालणार नाही, ती २४ चीच राहू दे. फक्त अवधूताची बघायची पद्धत वापरून बघू. एक किडा घ्यायचा, नीट बघायचा, आणि त्यात आपल्यासाठी काय आहे ते विचारायचं.

पहिलं बघणं: तो चेहरा, जो चेहरा नाही

सात ठिपक्यांचा लेडीबर्ड समोर आहे असं समजा. पोवळ्याचा मणी मधोमध कापून पानावर उपडा ठेवलाय आणि कोणीतरी त्यावर काजळाची बोटं टेकवली आहेत, असं त्याचं रूप. चालतो तेव्हा चाकं न दिसणारी खेळण्यातली गाडी सरकावी तसा सरकतो. समोर काळ्या भागावर दोन पांढरे डाग असतात. आपल्याला वाटतं हे डोळे. टपोरे, निरागस, आपल्याकडेच बघणारे.

ते डोळे नाहीत. तो भाग म्हणजे डोक्याच्या मागची ढाल, आपल्या भाषेत खांदे म्हणू. खरं डोकं त्याच्या पुढे खाली झुकलेलं असतं, बारीक, काळं, पटकन नजरेत न येणारं. खरे डोळे तिथे आहेत. म्हणजे आपण ज्याला "किती गोड चेहरा" म्हणतो, तो चेहराच नव्हे.

आता पाठ बघा. सात ठिपके दोन पंखांवर सारखे कसे वाटणार? एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, आणि सातवा बरोबर मधल्या शिवणीवर, अर्धा इकडे अर्धा तिकडे. उडताना ढाल उघडली की तो ठिपका दुभंगतो आणि बसल्यावर परत एक होतो. ठिपके मोजून वय कळतं असं लहानपणी सांगतात, ते खरं नाही. ठिपके त्या त्या जातीप्रमाणे ठरलेले असतात, वाढदिवसाला नवीन मिळत नाही. आपल्या शेतांत दिसणाऱ्या एका जातीला तर ठिपक्यांऐवजी नागमोडी काळ्या रेघा असतात.

आता अवधूताचा पतंग आठवा. तो गुरू कशासाठी? रूपाला भुलून आगीत पडतो म्हणून. हरणाला आवाज भुलवतो, माशाला चव, हत्तीला स्पर्श, आणि पतंगाला रूप. आपल्या दिवसाचे किती तास फोनवर रूपं बघण्यात जातात हे मी वेगळं सांगायला नको. कोणाचा फोटो, कोणाचं घर, कोणाची ट्रिप. आणि बऱ्याचदा आपण बघतो ते त्या माणसाचे खांदे असतात, डोळे नसतात. पुढे धरलेली पांढरी नक्षी बघून आपण ठरवतो की हा सुखी आहे, ही नशीबवान आहे, मीच मागे पडलो. खरं डोकं खाली झुकलेलं असतं. ते बघायला वाकावं लागतं.

दुसरं बघणं: हा लाल रंग कोणासाठी?

आपल्याला वाटतं की हा नटलाय. खरं तर तो पक्ष्यांना सांगतोय, मला खाऊ नका, मी कडू आहे. त्याच्या अंगात कडवट द्रव्यं असतात. फारच छळलं तर तो पायाच्या सांध्यांतून पिवळसर, उग्र वासाचे थेंब सोडतो. कधी हातावर घेतला असेल आणि बोटाला पिवळा डाग पडला असेल, तर तो हाच. पक्ष्याने एकदा चव घेतली की लाल-काळा रंग त्याच्या लक्षात राहतो. म्हणजे आपल्याला जो लग्नाचा शालू वाटतो, ती खरं तर दारावरची पाटी आहे.

आणखी धोका वाटला तर तो पाय आणि मिशा आत ओढून घेतो आणि निपचित पडून राहतो. वर फक्त ढाल. हे वाचून गीतेचं कासव आठवलं ना? दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना भगवंत म्हणतात की कासव जसं सगळीकडून अवयव आत घेतं, तसा तो विषयांपासून इंद्रियं आवरून घेतो.

पण इथे जरा थांबू, कारण दोन गोष्टी एकसारख्या दिसल्या म्हणून एकच नसतात. किडा पाय आत घेतो तो भीतीने. धोका गेला की पुन्हा पहिल्यासारखा चालू लागतो, आणि त्याच्यासाठी ते योग्यच आहे. स्थितप्रज्ञ इंद्रियं आवरतो ती भीतीने नाही, त्याला आत काहीतरी जास्त गोड सापडलेलं असतं म्हणून. बाहेरून दोघे सारखेच दिसतील.

आपल्या साधनेत हे तपासायला हवं. लोकांत मिसळायला नको वाटतं, कोणी दुखावलंय, नोकरीत हिरमोड झालाय, म्हणून आपण खोलीचं दार लावतो आणि त्याला वैराग्य असं छान नाव देतो. कधीकधी ते खरंच वैराग्य असतं. कधीकधी फक्त ढाल मिटलेली असते. फरक कसा ओळखायचा? गीता तो पुढच्याच श्लोकात सांगते. विषय दूर ठेवले तरी त्यांची गोडी मागे उरते, ती परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. दार लावल्यावर आत काय चालू आहे ते बघा. नाम चालू आहे, की तोच राग पुन्हा पुन्हा चघळणं चालू आहे?

ढाल मिटणं पाप नाही, हेही सांगतो. दुखावलेल्या माणसाला काही दिवस मिटून घ्यावं लागतं. फक्त त्याला स्थितप्रज्ञता म्हणू नये, आणि उडायचं विसरू नये. त्या कडक ढालीखाली पातळ पंखांची एक जोडी कितीतरी घड्या घालून ठेवलेली असते. त्या घड्या इतक्या कसबी आहेत की २०१७ मध्ये जपानच्या संशोधकांनी ढालीच्या एका भागाच्या जागी पारदर्शक तुकडा बसवून त्या कशा पडतात ते बघितलं. उडायचे पंख हेच. ढाल त्यांना जपण्यासाठी आहे.

तिसरं बघणं: हे ध्यान कोण?

आता खरा प्रसंग येतो, आणि तो तुमच्या बाल्कनीत घडू शकतो.

जास्वंदीच्या कळीवर मावा पडलाय. हिरवे-काळे बारीक जीव कळीला चिकटलेत, पानं चिकट झाली आहेत, मुंग्यांची रांग लागली आहे. गणपतीला वाहायचं फूल, त्याची ही अवस्था. आणि त्यातच एक काळसर, लांबट, अंगावर काटे आणि नारिंगी डाग असलेली अळी फिरतेय. बारीक मगर जणू. ती बघून पहिला विचार काय येतो? ही त्यांची पुढारी. चप्पल आणा.

ती अळी म्हणजे लेडीबर्डचं बालपण. माव्याच्या वस्तीजवळ आई पिवळी, उभट अंडी घोळक्याने घालते. त्यातून ही अळी निघते आणि मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. कळीचं रक्षण करायला आलेला पाहुणा हाच, आणि मार पहिला त्यालाच. स्टिकरवर तिचं चित्र कोणी छापत नाही ना!

पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका जातीची गंमत तर आणखी वेगळी. क्रिप्टोलीमस तिचं नाव. तिची अळी पांढऱ्या मेणचट झुपक्यांनी इतकी झाकलेली असते की ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. रोग आणि औषध एकाच कपड्यात! उलट वांग्याची आणि बटाट्याची पानं कुरतडून जाळी करणारा २८ ठिपक्यांचा भुंगेरा लेडीबर्डच्याच कुळातला. पाठ गोल, ठिपके भरपूर, दिसायला आपलाच. म्हणजे कुरूप दिसणारा रक्षक निघतो आणि ठिपक्यांचा देखणा नासधूस करतो.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचं वर्णन आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, आणि समाज ज्याला खालचा मानायचा तो माणूस, या सगळ्यांत तो एकच तत्त्व बघतो. आपण हे वाचतो, मान डोलावतो, आणि मग ऑफिसात नवीन आलेल्या मुलाचं इंग्रजी ऐकून, सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींची साडी बघून, लोकलमध्ये शेजारी बसलेल्याच्या घामाचा वास घेऊन दोन सेकंदांत निकाल देतो. समदृष्टी म्हणजे विवेक सोडणं नाही. वांग्यावरच्या भुंगेऱ्याला ओळखायलाच हवं. पण ओळखायचं ते कशावरून? तो काय करतो यावरून, कसा दिसतो यावरून नाही.

पुढे ती अळी पानाला चिकटून कोष करते. कोषातून भुंगेरा बाहेर येतो तेव्हा तो फिका पिवळा, मऊ असतो आणि त्याच्यावर एकही ठिपका नसतो. मग काही तासांत ढाल कडक होते, ठिपके उमटतात, आणि लाली हळूहळू चढते. कोणी बाहेरून रंग लावलेला नसतो.

अवधूताच्या यादीतला शेवटचा गुरू कुंभारीण माशी आहे. तिने घरट्यात कोंडलेला किडा तिचंच ध्यान करत करत तिच्यासारखा होतो, असा तो दृष्टान्त. प्रेमाने, द्वेषाने किंवा भयाने, मन जिथे पूर्ण लावाल तसं रूप येतं. आज कीटकशास्त्र सांगतं की कुंभारीण ती अळी आपल्या पिल्लांना खाऊ म्हणून आणून ठेवते. म्हणून दृष्टान्त खोटा पडला का? मला तसं वाटत नाही. अवधूत मनाबद्दल बोलतोय, आणि मनाबद्दलचं त्याचं म्हणणं आपण रोज अनुभवतो. ज्याचा राग दिवसभर डोक्यात असतो, संध्याकाळी आपण त्याच्याच सुरात बोलायला लागतो. आणि आतून रूप बदलतं म्हणजे काय हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर जास्वंदीच्या पानावर ती मगर आहेच.

मग हिंसेचं काय?

तुमच्यापैकी कोणीतरी हे विचारणारच. हा किडा शेकडो जीव खातो आणि आपण त्याला गुरू म्हणायचं?

प्रश्न टाळू नये. भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की जीवांचं जगणं एकमेकांवरच चालतं, एक दुसऱ्याचा आहार आहे. धृतराष्ट्र घर सोडून गेल्यावर युधिष्ठिर शोकात असतो, तेव्हाचं हे बोलणं आहे. म्हणजे शिकारीला दिलेलं उत्तेजन नाही, एका दुःखी माणसाला सृष्टीचा कारभार दाखवणं आहे. लेडीबर्ड भुकेपुरतं खातो. तो द्वेष करत नाही. माणसाचं तसं नाही. आपल्या हातात निवड आहे, म्हणून अहिंसेचा उपदेश आपल्याला आहे, किड्याला नाही. आणि अवधूतही गुरूचं सगळंच उचलत नाही. मधमाशीकडून तो थोडं थोडं गोळा करणं घेतो, आणि साठवून ठेवल्यामुळे तिचा नाश होतो हेही तिच्याकडूनच शिकतो. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, दोन्ही त्याने बघितलं.

मुंग्यांकडेही बघा. मावा गोड चिकट रस सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि लेडीबर्डला हुसकावतात. कळी सुकली तरी त्यांना चालतं, रस मिळतोय ना! आपल्या सवयींनाही असे राखणदार असतात. रात्री दोनपर्यंत स्क्रोल करण्याची सवय मोडायला गेलं की "दिवसभर एवढं राबतो, एवढं तरी सुख" असं म्हणणारी मुंगी आतून धावून येते. नुसता मावा झटकून भागत नाही, गोडी कुठे आहे ते बघावं लागतं.

रूप झालं, आता नाम

आपली परंपरा नाम आणि रूप जोडीने घेते, म्हणून शेवटी नावाबद्दल. या किड्याला वेगवेगळ्या लोकांनी काय म्हटलंय बघा. इंग्रजी नावातली "लेडी" म्हणजे येशूची आई मरिया. जुन्या चित्रांत तिचा झगा बऱ्याचदा लाल असे, आणि सात ठिपके तिच्या सात दुःखांशी आणि सात आनंदांशी जोडले गेले. जर्मन लोक त्याला मरियेचा भुंगेरा म्हणतात. रशियन आणि आयरिश भाषांत तो देवाची छोटी गाय आहे. डच भाषेत लाडक्या प्रभूचा छोटा प्राणी. हिब्रूत आपले गुरू मोशे यांची गाय. आपल्याकडे पहिल्या पावसात निघणारा लाल मखमली मृगाचा किडा वेगळा, त्याला आठ पाय असतात. पण संस्कृतात त्याचंही नाव इंद्रगोप, म्हणजे इंद्र ज्याचा राखणदार तो.

एवढ्या दूरदूरच्या माणसांनी एका बोटभरही नसलेल्या जिवाला देवाच्या नावाने हाक मारली. शेतात राबणाऱ्यांना या लाल ठिपक्याचं काम माहीत होतं, आणि ज्याचे आभार मानायचे त्याचं नाव त्यांनी किड्याला देऊन टाकलं.

त्याचं काम किती मोठं असू शकतं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने मरणपंथाला लागल्या होत्या. आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाहून एक छोटा लाल लेडीबर्ड पाठवला. पहिल्या खेपांत मिळून १२९ किडे. १८८९ संपेपर्यंत बागा सावरल्या. आपला क्रिप्टोलीमस १८९८ मध्ये भारतात आणला गेला तो कॉफीवरच्या किडीसाठी. ते काम त्याला फारसं जमलं नाही. पिठ्या ढेकणांचं मात्र छान जमलं, आणि आज द्राक्षं, सीताफळ, पेरू यांच्या बागांत त्याला मुद्दाम सोडतात.

करिअरच्या पहिल्याच वळणावर "मला हे जमत नाही" म्हणून रात्रभर जागणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हा किडा लक्षात ठेवा. गीता स्वधर्म म्हणते तो असाच. दुसऱ्याचं काम कितीही छान दिसलं तरी आपलं, उणं का असेना, तेच आपल्याला तारतं. कधीकधी आपण पाठवले जातो एका कामासाठी आणि आपलं झाड दुसरंच असतं.

आजचा अभ्यास

१. आज कोणाचा तरी फोटो बघून मनात काहीतरी टोचेल. तेव्हा एकदाच विचारा, मी डोळे बघतोय की खांद्यावरचे पांढरे डाग?

२. मी कशापासून मिटून घेतलंय? ते विरक्तीने की दुखावल्यामुळे? उत्तर कोणाला सांगू नका, पांडुरंगाला सांगा.

३. रूपावरून ज्याला मनातून बाद केलंय असा एक माणूस आठवा. या आठवड्यात तो काय करतो ते नुसतं बघा.

४. घरी कुंडी असेल तर पानांच्या खालची बाजू बघा. मावा दिसला तर लगेच विष फवारू नका. पाण्याच्या बारीक धारेने धुवा, दोन-चार दिवस वाट बघा. तेवढ्यात ती काटेरी छोटी मगर आली तर तिला बसायला जागा द्या.

प्रार्थना

हे पांडुरंगा, तू विटेवर उभा आहेस आणि पानाखालीही आहेस. आमची नजर वरवरच्या रंगावर अडकते, तिला जरा वाकायला शिकव. जो आम्हाला आवडत नाही त्याच्या हातून तू आमचं रक्षण करत असशील, तर निदान त्याला मारायला आमचा हात उठू देऊ नकोस. आमच्यावर अजून ठिपके उमटले नसतील, तर उमटेपर्यंत धीर दे.

उद्या पिंगलेची गोष्ट घेऊ, आठव्या अध्यायाचा शेवट. वाचून या.

राम कृष्ण हरी!